एक भाषा येते, शेजारच्या दोन कशा गाठाव्यात: नॉर्डिक भाषा आणि त्यांच्या सामायिक इतिहासाचा मध्यम पातळीवरचा अभ्यास

स्वीडिश, नॉर्वेजियन किंवा डॅनिश बी-1, म्हणजे मध्यम पातळीपर्यंत आली की अभ्यास रेंगाळायला लागतो. दुकानात, ऑफिसात, बसमध्ये काम भागतं. बातमी वाचली तर कळते. पाठ्यपुस्तकातले धडे सोपे वाटतात आणि खरी कादंबरी मात्र अजून जड जाते. नोकरी-शिक्षणासाठी गोथेनबर्ग, स्टॉकहोम, कोपनहेगन, ऑस्लोला गेलेले अनेक मराठी लोक याच टप्प्यावर आहेत, आणि पुण्या-मुंबईत बसून आवडीने शिकणारेही.

माझं मत असं आहे की इथून पुढचा सगळ्यात चांगला रस्ता शेजारच्या भाषांमधून आणि त्यांच्या इतिहासातून जातो. या भाषांमधल्या बऱ्याच फरकांना कारण आहे, आणि पुष्कळदा चक्क साल आहे. डोक्यावर छोटं वर्तुळ असलेला 'ए' हे अक्षर घ्या. उच्चार साधारण 'ओ'. स्वीडिश छापखान्यांत ते 1520 च्या दशकात आलं, नॉर्वेने ते 1917 च्या शुद्धलेखन सुधारणेत स्वीकारलं आणि डेन्मार्कने 1948 मध्ये. त्याआधी डॅनिशमध्ये दोन 'ए' जोडून लिहीत. ऑर्हुस शहराने 2011 पासून आपल्या नावात पुन्हा जुने दोन 'ए' घेतले आहेत. एवढं कळलं की जुनी डॅनिश पुस्तकं, आडनावं आणि नकाशे वाचताना अडखळायला होत नाही. फरक पाठ करण्यापेक्षा त्याचं कारण शोधायचं, या एका सूत्रावर पुढची सगळी पद्धत उभी आहे.

एक सूचना आधीच. या लेखात नॉर्डिक शब्द देवनागरीत, त्यांच्या लिखित रूपाच्या जवळ जातील असे दिले आहेत. उच्चाराबद्दल बोलायचं असेल तिथे तसं स्पष्ट म्हटलं आहे. तुमच्या वहीत मात्र प्रत्येक शब्द मूळ लिपीतच उतरवा.

पायरी 1: बोलायची भाषा एकच ठेवा

तिन्ही भाषा एकदम बोलायचा मोह होतो, तो टाळा. बोलण्या-लिहिण्यासाठी एक भाषा पक्की करा, तिला आपण पायाभाषा म्हणू. बाकीच्या दोन फक्त वाचायच्या आणि ऐकायच्या. नॉर्डिक देशांतले लोकही हेच करतात: ऑस्लोचा माणूस नॉर्वेजियन बोलतो, माल्मोचा माणूस स्वीडिशमध्ये उत्तर देतो. तिन्ही भाषांची खिचडी करून बोललात तर समोरचा गोंधळतो आणि तुमची पायाभाषाही सैल पडते.

पाया तयार आहे का, हे तपासायला पायाभाषेतली पानभराची बातमी वाचा, ती बाजूला ठेवा आणि आठ-दहा वाक्यांत मोठ्याने सांगा. क्रियापदाची जागा वारंवार चुकत असेल, विशेषतः पोटवाक्यात नकार कुठे येतो ते डळमळत असेल, तर शेजारच्या भाषेकडे जायला अजून थोडा अवकाश आहे. 'तो येत नाही' या साध्या वाक्यात स्वीडिश नकार क्रियापदानंतर येतो: 'हान कोम्मेर इंते'. 'मला माहीत आहे की तो येत नाही' म्हणताना तो क्रियापदाआधी सरकतो: 'याग वेत अत्त हान इंते कोम्मेर'. डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्येही नियम हाच, त्यामुळे हा एक नियम पक्का करण्याचं फळ तीन भाषांत मिळतं. (आइसलँडिकमध्ये मात्र पोटवाक्यातही नकार क्रियापदानंतरच येतो.)

कुठून कुठे जायचं? पाया स्वीडिश असेल तर आधी नॉर्वेजियन, मग डॅनिश. पाया डॅनिश असेल तर आधी नॉर्वेजियनचं बुकमोल हे लिखित रूप, मग स्वीडिश. पाया नॉर्वेजियन असेल तर डॅनिश वाचायला आणि स्वीडिश ऐकायला एकाच वेळी सुरुवात करता येते. नॉर्वेजियन लिखाणात डॅनिशच्या जवळ आणि उच्चारात स्वीडिशच्या जवळ आहे, म्हणून ती मधला पूल ठरते. शेजाऱ्यांच्या भाषा तरुणांना किती कळतात याची एक मोठी चाचणी 2005 मध्ये प्रसिद्ध झाली. स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे या तिघांत नॉर्वेजियन मुलं सर्वांत पुढे होती. सगळ्यांत सरस ठरली ती फेरो बेटांवरची मुलं. घरी फेरोईज आणि शाळेत डॅनिश अशी दोन्ही त्यांना येते.

पायरी 2: इतिहासाचा एक कागद बनवा

एक मोठा कागद घ्या आणि त्यावर वर्षांची उभी रेघ ओढा. डावीकडे घटना, उजवीकडे त्या घटनेने भाषेत काय बदललं ते. अभ्यासातला सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच. आठवड्याला दोन-तीन नोंदी केल्यात तरी पुरे. सुरुवातीला काय असावं ते सांगतो.

वर सगळ्यांत आधी गालेहुसचं सोन्याचं शिंग. इ.स. 400 च्या आसपासचं, डेन्मार्कच्या दक्षिण युटलंडमध्ये 1734 मध्ये सापडलेलं. त्यावर 24 चिन्हांच्या जुन्या रून लिपीत एका कारागिराने 'हे शिंग मी घडवलं' अशा अर्थाचं वाक्य कोरलं होतं. मूळ शिंग 1802 मध्ये कोपनहेगनमधून चोरीला गेलं आणि वितळवलं गेलं, पण मजकूर उतरवून ठेवलेला होता. त्या काळी या सगळ्या प्रदेशात जवळजवळ एकच भाषा होती.

मग वायकिंग काळ, साधारण 800 ते 1050. रून चिन्हं 24 वरून 16 वर आली. याच काळात, परंपरेप्रमाणे 874 पासून, मुख्यतः नॉर्वेतून गेलेल्या लोकांनी आइसलँडमध्ये वस्ती केली आणि 930 मध्ये आल्थिंग ही सभा भरवली. तेव्हाही भाषा इतकी एकसारखी होती की आइसलँडचे लेखक पुढेही तिला 'डॅनिश जीभ' म्हणत. पूर्वेकडच्या बोली, म्हणजे पुढच्या डॅनिश आणि स्वीडिश, पश्चिमेकडच्या नॉर्वे-आइसलँडच्या बोलींपासून हळूहळू वेगळ्या व्हायला लागल्या त्या याच सुमारास. प्राचीन 'स्टेइन' (दगड) पूर्वेला 'स्टेन' झाला, पश्चिमेला 'स्टेइन' राहिला. 'ड्राउम' (स्वप्न) स्वीडिशमध्ये 'ड्रोम' झाला, न्यूनॉर्स्क या नॉर्वेजियनच्या दुसऱ्या लिखित रूपात 'ड्राउम' राहिला.

तिसरी मोठी नोंद हान्सा व्यापाऱ्यांची. बर्गेन, व्हिस्बी, स्टॉकहोम या शहरांत उत्तर जर्मनीच्या व्यापाऱ्यांचा पगडा होता आणि ते 'लो जर्मन' बोलत. 13व्या ते 16व्या शतकात मुख्य भूमीवरच्या भाषांमध्ये त्यांचे शब्द ढिगाने आले: पैसे देणं (बेताला, बेताले), काम करणं (अर्बेता, अर्बाइडे), आणि खुद्द 'भाषा' (स्प्रोक, स्प्रोग). आइसलँडमध्ये हे लोण फारसं पोचलं नाही, म्हणून तिथे पैसे देणं 'बोर्गा', काम करणं 'विन्ना'. उसनवारी तिन्ही भाषांत सारखी झाली नाही, आणि अभ्यासाला हाच भाग खरा रसाळ आहे. विचारणं या क्रियेसाठी स्वीडिशने जर्मन वळणाचं 'फ्रोगा' घेतलं, पण डॅनिशने जुनं 'स्पोर्गे' आणि नॉर्वेजियनने 'स्पोरे' ठेवलं, जे आइसलँडिक 'स्पिर्या'चं सख्खं भावंड आहे. खिडकीला स्वीडिश 'फोन्स्तेर' म्हणते, तर डॅनिश 'विंदुए' आणि नॉर्वेजियन 'विंदू'. सुरुवात करण्याच्या बाबतीत उलट झालं: स्वीडिशचं 'बोर्या' जुनं आणि डॅनिश-नॉर्वेजियनचं 'बेग्युंदे', 'बेग्युन्ने' जर्मन वळणाचं.

चौथी नोंद काल्मार युनियनची. 1397 मध्ये राणी मार्गरेटच्या पुढाकाराने डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन एका मुकुटाखाली आले. 1520 मध्ये स्टॉकहोममध्ये डॅनिश राजा क्रिस्तियान दुसरा याने स्वीडिश सरदारांची आणि पाद्र्यांची कत्तल करवली. 1523 मध्ये गुस्ताव वासा स्वीडनचा राजा झाला आणि युनियन संपली. लगेच भाषेवर परिणाम दिसतो. 1541 मध्ये संपूर्ण स्वीडिश बायबल छापलं गेलं आणि त्याने स्वीडिश लेखनाला डॅनिशपासून वेगळं वळण दिलं. डॅनिश बायबल 1550 चं. आइसलँडमध्ये नवा करार 1540 मध्ये आणि पूर्ण बायबल 1584 मध्ये आलं. नॉर्वेला तेव्हा स्वतःचं बायबल मिळालंच नाही. तिथे चर्चमध्ये, कचेरीत, शाळेत डॅनिश वापरली गेली. नॉर्वेची आजची सगळी भाषिक गुंतागुंत या एका गोष्टीतून निघते, म्हणून या नोंदीखाली लाल रेघ मारा.

पुढच्या नोंदी भराभर. 1658: रोस्किल्डेचा तह, स्कोने हा प्रांत डेन्मार्ककडून स्वीडनकडे (म्हणून तिथली स्वीडिश आजही डॅनिशच्या जवळची वाटते). 1809: फिनलँड स्वीडनकडून रशियाकडे. 1814: कीलचा तह, नॉर्वे डेन्मार्कच्या हातून सुटून स्वीडनच्या राजाकडे, आणि 17 मे रोजी आइड्सव्होलला नॉर्वेची राज्यघटना. 1905: नॉर्वे स्वतंत्र. 1944: आइसलँड प्रजासत्ताक. 1948: फेरो बेटांना अंतर्गत स्वराज्य आणि फेरोईजला मुख्य भाषेचा दर्जा.

1814 पाशी थोडं थांबायला हवं. देश वेगळा झाला, पण लिहायची भाषा डॅनिशच होती. नॉर्वेचा नाटककार इब्सेन याची नाटकं कोपनहेगनच्या ग्युल्डेन्डाल या प्रकाशनाने छापली, ती डॅनिश लेखनाच्या अगदी जवळ आहेत. यातून नॉर्वेने दोन रस्ते काढले. इवार ओसेन 1840 च्या दशकात गावोगाव फिरला, बोली गोळा केल्या, 1848 मध्ये व्याकरण आणि 1850 मध्ये शब्दकोश काढला. त्यातून आजची न्यूनॉर्स्क झाली. क्नुड क्नुडसेन या शिक्षकाने लिखित डॅनिशला शहरी नॉर्वेजियन उच्चाराकडे हळूहळू वळवायचा मार्ग दाखवला, तिची झाली बुकमोल. 1885 मध्ये संसदेने दोन्हींना समान मान दिला आणि 1929 मध्ये त्यांना आजची नावं मिळाली. प्रमाणभाषा कुणाची, हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. पण एखाद्या देशाने दोन लिखित रूपं दोन्ही राजमान्य ठेवून शाळेत शिकवावीत, हे समजून घेण्याजोगं आहे. तेव्हा बुकमोल शिकणाऱ्यांनी न्यूनॉर्स्क टाळू नये. ती वाचता आली की नॉर्वेच्या बोली कानाला कळायला लागतात आणि आइसलँडिककडे जायची वाटही सोपी होते.

पायरी 3: ध्वनींच्या जोड्यांची वही

आता दुसरी वही. चार रकाने: स्वीडिश, नॉर्वेजियन, डॅनिश, आइसलँडिक. ओळीने समान मूळ असलेले शब्द लिहायचे आणि शेवटी फरकाचा नियम. शब्द पाठ करायचे नाहीत. नियम तुम्ही स्वतः शोधायचा.

पहिला नियम सगळ्यांत उपयोगी. स्वरानंतर येणारे प, त, क डॅनिशमध्ये मऊ होऊन ब, द, ग झाले. रस्ता: स्वीडिश 'गाता', नॉर्वेजियन 'गाते', डॅनिश 'गादे'. केक: 'काका', 'काके', 'कागे'. विकत घेणं: 'कोपा', 'क्योपे', 'कोबे'. पुस्तक: 'बूक', 'बूक', 'बोग'. नॉर्वेतही 1907 पर्यंत शिष्ट लेखन डॅनिशप्रमाणे ब-द-ग असं होतं. त्या वर्षीच्या सुधारणेने अशा बऱ्याच शब्दांत लोकांच्या तोंडचे प-त-क कागदावर आणले. म्हणजे तुमच्या चार रकान्यांतला हा फरक थेट 1907 शी जोडता येतो. पायरी 2 च्या कागदावर तो नोंदवा.

दुसरा नियम जोडस्वरांचा, वर सांगितलेल्या 'स्टेइन-स्टेन'चा. तिसरा पश्चिमेकडचा: मूळच्या 'न्ट', 'म्प' या जोडाक्षरांतला अनुनासिक पश्चिमेत गिळला जाऊन व्यंजन दुप्पट झालं. उभ्या चढाला स्वीडिशमध्ये 'ब्रान्त', नॉर्वेजियनमध्ये 'ब्रात'. अळंबीला स्वीडिश 'स्वाम्प', नॉर्वेजियन 'सोप'. चौथा, निश्चित नामाचा. 'मोठं घर' म्हणताना स्वीडिश आणि नॉर्वेजियन विशेषणाआधी एक आणि नामाच्या शेवटी एक असे दोन खुणेचे शब्दभाग लावतात: 'देत स्तूरा हूसेत'. डॅनिश एकावर थांबते: 'देत स्तोरे हूस'. आइसलँडिकमध्ये सुरुवातीचा शब्दच नसतो, शेवटचा प्रत्यय काम करतो.

दर आठवड्याला दहा ओळी पुरेत. शब्दाचं मूळ शोधायला चांगले कोश फुकट उपलब्ध आहेत. डॅनिशसाठी 'डेन डान्स्के ओर्डबोग' (उच्चारही ऐकता येतो), नॉर्वेजियनसाठी बुकमोल आणि न्यूनॉर्स्क यांचे जोडकोश, स्वीडिशसाठी स्वीडिश अकादमीचे कोश एकाच संकेतस्थळावर. अकादमीचा मोठा ऐतिहासिक कोश पिढ्यान्‌पिढ्यांच्या कामानंतर 2023 मध्ये पूर्ण झाला. कुठला शब्द कोणत्या वर्षी पहिल्यांदा लिहिलेला सापडतो ते त्यात मिळतं. आइसलँडिकसाठी 'बीन' या नावाने ओळखला जाणारा रूपकोश लागेलच, कारण तिथे नाम चार विभक्तींत चालतं.

पायरी 4: मराठीचा उपयोग करा

इंग्रजीतून शिकवणारी पुस्तकं काही गोष्टी फार अवघड म्हणून मांडतात. त्यांतल्या बऱ्याच गोष्टी मराठी माणसाला जन्मापासून येतात.

'आपला' आणि 'त्याचा' यांतला फरक घ्या. 'पेरने आपलं पुस्तक घेतलं' आणि 'पेरने त्याचं पुस्तक घेतलं' ही वाक्यं वेगळी आहेत हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. नॉर्डिक भाषांत 'सिन' आणि 'हान्स' यांचं नातं असंच आहे. दोन सावधगिऱ्या मात्र पाळा: 'सिन' फक्त तृतीय पुरुषात चालतो, 'मी आपलं' अशा ठिकाणी नाही. आणि डॅनिशमध्ये कर्ता अनेकवचनी असेल तर 'सिन'ऐवजी 'देरेस' येतो.

आइसलँडिकमधली सगळ्यांत धसका देणारी गोष्ट म्हणजे कर्त्याच्या जागी चतुर्थी. 'म्येर एर काल्त', 'म्येर लीकार', 'म्येर फिन्स्त'. आता मराठीत म्हणून पाहा: मला थंडी वाजते, मला आवडतं, मला वाटतं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे महिनोन्‌महिने छळतं, आपल्याला ते ओळखीचं वाटतं. मुख्य भूमीवरच्या भाषांनी मध्ययुगाच्या शेवटी विभक्ती गमावल्या तेव्हा ही रचनाही तिथे गेली. स्वीडिश माणूस आज 'मी वाटतो' अशा धर्तीवर 'याग त्युक्केर' म्हणतो.

लिंगं तीन आहेत? आपल्यालाही तीनच. आइसलँडिक, फेरोईज आणि न्यूनॉर्स्कमध्ये तीन, स्वीडिश आणि प्रमाण डॅनिशमध्ये दोन.

उच्चारात ट, ड, ण, ष. पूर्व नॉर्वे आणि मध्य स्वीडनमध्ये 'र'पुढे त, द, न, स आले की दोन्ही मिळून मूर्धन्य ध्वनी होतो. मूल या अर्थाचा 'बार्न' तिथे जवळजवळ 'बाण' असा ऐकू येतो. शब्दांच्या सीमेवरही हे घडतं. आपण हे ध्वनी सहज काढतो, तेव्हा ते जाणीवपूर्वक वापरा, 'र' आणि 'त' वेगवेगळे उच्चारू नका. स्कोने आणि बर्गेनमध्ये घशातला 'र' असल्यामुळे हा नियम तिथे लागत नाही.

आणि डॅनिश आकडे, ज्यांची स्वीडिश लोकही धास्ती घेतात. पन्नास म्हणजे 'हाल्वत्रेस', सत्तर म्हणजे 'हाल्वफ्येर्स', नव्वद म्हणजे 'हाल्वफेम्स'. हे विसांत मोजणं आहे. 'अर्धा तिसरा' म्हणजे अडीच, अडीच विसा पन्नास. 'अर्धा चौथा' म्हणजे साडेतीन, साडेतीन विसा सत्तर. साडेचार विसा नव्वद. साठ म्हणजे तीन विसा ('त्रेस'), ऐंशी चार विसा ('फिर्स'). पाच विसांचं शेकडं मोजणारी माणसं आपल्या खेड्यांतही होती, आणि अडीच-साडेतीन हे शब्द आपल्या रोजच्या तोंडी आहेत. शिवाय पंच्याहत्तरमध्ये पाच आधी, सत्तर नंतर, हेही डॅनिशसारखंच. नॉर्वेनेही पूर्वी एकक आधी म्हणायची पद्धत ठेवली होती. 1951 मध्ये ती अधिकृतपणे बदलून दशक आधी आणलं, कारण टेलिफोन क्रमांक सांगताना गोंधळ होई. वयस्क नॉर्वेजियन लोकांच्या तोंडी जुनी पद्धत अजून ऐकू येते.

मराठीशी आणखी एक नातं आहे. रास्मुस रास्क (1787–1832) या डॅनिश अभ्यासकाने प्राचीन नॉर्सचा, म्हणजे या भाषांच्या जुन्या रूपाचा, उगम शोधताना ग्रीक, लॅटिन आणि जर्मानिक भाषांमधले ध्वनींचे नियमित फरक मांडले. तो निबंध 1814 चा, छापला गेला 1818 मध्ये. पुढे तो रशिया, इराण करत 1820 मध्ये मुंबईत आला आणि पारशांच्या अवेस्ता-पहलवी हस्तलिखितांचा मोठा संग्रह कोपनहेगनला घेऊन गेला. पायरी 3 मधली चार रकान्यांची वही त्याच परंपरेतली आहे.

पायरी 5: डॅनिश कान

डॅनिश वाचायला सोपी आणि ऐकायला कठीण. इथे थेट ऐकण्यापासून सुरुवात केली तर हिरमोड होतो. क्रम उलटा ठेवा. आधी मजकूर वाचा, शब्द कळू द्या, मग तोच मजकूर ऐका, मग मजकुराशिवाय ऐका. दोन-तीन मिनिटांचाच तुकडा घ्या, पण रोज.

काय ऐकायचं? 'कागे'मधला 'ग' उच्चारात 'य'सारखा होऊन विरतो. 'गादे'मधला 'द' खरा द नाही. जीभ खालच्या दातांमागे सैल ठेवून काढलेला तो एक मऊ ध्वनी आहे. आणि स्टोड, म्हणजे घशातला क्षणभराचा आचका. 'ती' या अर्थाच्या 'हुन'मध्ये तो नाही, कुत्रा या अर्थाच्या 'हुन्द'मध्ये आहे, आणि शेवटचा 'द' मुका असल्यामुळे फरक फक्त त्या आचक्याने कळतो. स्वीडिश आणि नॉर्वेजियनमध्ये याच्या जागी सूर आहे: नॉर्वेजियन 'बोन्देर' (शेतकरी) आणि 'बोन्नेर' (घेवडे) यांचे ध्वनी एकच, सूर वेगळा. फिनलँडच्या स्वीडिशमध्ये हे सूर नाहीत आणि अक्षरं स्पष्ट उमटतात. स्वीडिश ऐकायची सुरुवात फिनलँडच्या 'इले' या वाहिनीच्या स्वीडिश रेडिओने करा, कान लवकर बसतो.

डेन्मार्कची डीआर, नॉर्वेची एनआरके, स्वीडनची एसव्हीटी, आइसलँडची रूव या सार्वजनिक वाहिन्या आहेत. काही दूरचित्रवाणी कार्यक्रम भारतातून दिसत नाहीत, पण रेडिओ आणि पॉडकास्टचा मोठा भाग मिळतो. सबटायटल त्याच भाषेतले लावा, इंग्रजी नकोत.

पायरी 6: फसवे शब्द

यादी छोटी ठेवा, पण पक्की. 'रोलिग' स्वीडिशमध्ये मजेशीर, डॅनिश-नॉर्वेजियनमध्ये शांत. 'फ्रोकोस्ट' नॉर्वेत न्याहारी, डेन्मार्कमध्ये दुपारचं जेवण, त्यामुळे भेटीची वेळ चुकू शकते. 'ग्रीने' डॅनिश माणसाला हसवतो, नॉर्वेजियनला रडवतो. 'रार' डेन्मार्कमध्ये चांगला, नॉर्वेत विचित्र. 'ब्यू' स्वीडनमध्ये खेडं, बाकी दोन्हीकडे शहर. सगळ्यांत धोक्याचा 'मो': नॉर्वेजियनमध्ये 'केलंच पाहिजे', डॅनिशमध्ये 'करायला परवानगी आहे'. करार किंवा सूचना वाचताना यावर बोट ठेवून वाचा.

पायरी 7: एकच घटना तीन तोंडांनी

इथपर्यंत आलात की इतिहास त्या त्या भाषेतच वाचायला लागा. नॉर्वेचा 'स्तोरे नोर्स्के लेक्सिकोन' आणि डेन्मार्कचा 'लेक्स' हे खुले विश्वकोश आहेत. पहिल्यात न्यूनॉर्स्क लेखही सापडतात. 1520 ची कत्तल घ्या. स्वीडिश परंपरेत तो राजा 'क्रिस्तियान जुलमी' म्हणून ओळखला जातो. डॅनिश इतिहासात त्याच राजाची व्यापार आणि शहरांसाठी केलेली कायद्यांची कामगिरीही मांडली जाते. 1814 घ्या: नॉर्वेत तो आनंदाचा सण, डॅनिश इतिहासात निम्म्याहून मोठा भूभाग गेल्याचं वर्ष. डेन्मार्कबरोबरच्या काळाला नॉर्वेत 'चारशे वर्षांची रात्र' म्हणायची प्रथा होती, आणि आजचे इतिहासकार त्या शब्दाला आक्षेप घेतात.

अभ्यास असा करा: एक घटना, दोन देशांचे लेख, प्रत्येकातली क्रियापदं अधोरेखित करा. कोण 'हरतो', कोण 'देतो', कोण 'मुक्त होतो' ते पाहा. मग पायाभाषेत दीडशे शब्दांचा आढावा लिहा. भाषा आणि इतिहास दोन्ही इतक्या वेगाने वाढवणारा दुसरा सराव मला माहीत नाही.

या टप्प्यावर कुटुंबाबाहेरच्या भाषाही नकाशावर आणा. फिनिश आणि सामी या उराली कुळातल्या, ग्रीनलँडिक इनुइट कुळातली. सामी मुलांवर शाळांतून नॉर्वेजियन आणि स्वीडिश लादली गेली, हा सामायिक इतिहासाचाच भाग आहे. नॉर्वेत सामी संसद 1989 मध्ये सुरू झाली. ग्रीनलँडमध्ये 2009 पासून ग्रीनलँडिक ही एकमेव राजभाषा आहे. फक्त वायकिंग आणि राजे वाचून हा अभ्यास पुरा होत नाही.

पायरी 8: दगडापासून हस्तलिखितापर्यंत

प्राचीन नॉर्सला घाबरू नका. डेन्मार्कमधल्या येलिंगच्या रून-दगडापासून सुरुवात करा. इ.स. 965 च्या सुमारास हराल्ड ब्लूटूथ राजाने तो उभारला. मजकुराचा अर्थ असा: हराल्ड राजाने ही स्मारकं आपला बाप गोर्म आणि आपली आई थ्यूरा यांच्यासाठी करवली, तो हराल्ड, ज्याने स्वतःसाठी सारा डेन्मार्क आणि नॉर्वे जिंकला आणि डेन लोकांना ख्रिस्ती केलं. मूळ मजकुराचं प्रमाणित लिप्यंतर उप्सालाच्या रून डेटाबेसमध्ये मिळतं. ते उतरवा आणि आजच्या भाषांत जिवंत असलेल्या शब्दांखाली रेघ मारा: राजा, बाप, आई, करणं, सारा, आणि पायरी 4 मधला तोच 'सिन'. 16 चिन्हांत क-ग, त-द वेगळे लिहायची सोय नव्हती, म्हणून 'कोनुंग' तिथे 'कुनुक' असा कोरलेला दिसतो.

त्यानंतर आइसलँडिक. आइसलँड विद्यापीठाचा ऑनलाइन आइसलँडिक अभ्यासक्रम मोफत आहे, तो आधी करा आणि मग सागा, म्हणजे मध्ययुगीन आइसलँडिक गद्यकथा, वाचा, त्याही आधुनिक शुद्धलेखनातल्या आवृत्तीत. हस्तलिखितांचा इतिहास सोबत वाचा. आर्नी माग्नुसोन या आइसलँडच्या अभ्यासकाने आयुष्यभर ती गोळा केली, 1728 च्या कोपनहेगनच्या आगीत त्याच्या संग्रहाचा काही भाग गेला. एद्दा या देवांच्या आणि वीरांच्या जुन्या काव्याचं सर्वांत महत्त्वाचं हस्तलिखित 21 एप्रिल 1971 रोजी डेन्मार्कने आइसलँडला परत केलं. एकेकाळच्या सत्ताधाऱ्याने असा ठेवा सन्मानाने परत करणं हे जगात क्वचित घडलं आहे, आणि भारतातल्या वाचकाला त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

आठवडा कसा लावावा

सहा-सात तास मिळत असतील तर निम्मे पायाभाषेला द्या: वाचन, लेखन, बोलणं. दोन तास शेजारच्या एका भाषेला, त्यात रोजचं थोडं ऐकणं आणि आठवड्यातून एक लेख. उरलेला वेळ इतिहासाचा कागद आणि जोड्यांची वही. अवघड वाटलं तर सोप्या भाषेतली वृत्तपत्रं आहेत, स्वीडिशमध्ये 'ओत्ता सीदोर', नॉर्वेजियनमध्ये 'क्लार ताले'.

तीन महिन्यांनी शेजारच्या भाषेतला एक न वाचलेला लेख कोशाशिवाय वाचा आणि पायाभाषेत त्याचा सारांश लिहा. मुख्य मुद्दे हाती लागले तर दुसऱ्या शेजाऱ्याकडे जा. नाही लागले तर न कळलेले शब्द दोन ढिगांत विभागा: ध्वनींच्या नियमाने ओळखता आले असते ते एका बाजूला, मुळातच वेगळे असलेले दुसऱ्या बाजूला. पहिला ढीग मोठा असेल तर पायरी 3 कडे परत जा. दुसरा मोठा असेल तर वाचन वाढवा, आणि हान्सा व्यापाऱ्यांचे शब्द पुन्हा एकदा चाळा.

परीक्षा द्यायची असेल तर ती पायाभाषेचीच द्या: नॉर्वेजियनची नोर्स्कप्रोवेन, स्वीडिशची स्वेडेक्स किंवा विद्यापीठ प्रवेशासाठीची तीसुस, डेन्मार्कमध्ये राहत असाल तर प्रोवे इ डान्स्क 3. शेजारच्या भाषेची कसोटी प्रत्यक्ष माणसासमोर लावा. तुम्ही आपली पायाभाषा बोला, समोरच्याला त्याची बोलू द्या, आणि सुरुवातीलाच सांगा की इंग्रजीवर जाऊ नका, फक्त सावकाश बोला. हे वाक्य तिन्ही भाषांत लिहून जवळ ठेवा.